बॅचच्या आधी

सकाळी चक्कर येऊन पडलेली माझी बायको दुपारी गेली. डॉक्टरांनी बाहेर येऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. तिची पर्स माझ्या मांडीवर होती आणि आत फोन सारखा वाजत होता.

तो तिच्या एमबीएच्या बॅचचा ग्रुप होता. कोणीतरी कंपनीचा प्रमुख झाला होता, त्याचं अभिनंदन चाललं होतं. त्या ग्रुपवर माझा पहिल्यापासून राग. हिला बढती मिळाली, हिने नोकरी सोडली, अगदी दिवस राहिले, तरी आधी बॅचला कळायचं आणि मग मला.

एकदा मी भांडलोच. "मी काय शेजारी आहे?"

"अरे, ते लगेच टाळ्या वाजवतात," ती म्हणाली. "तू आधी विचारतोस, आता घराचं कसं?"



पर्समधला फोन पुन्हा वाजला. या वेळी कॉल होता. मी उचलला, तिच्या बॅचची मैत्रीण बोलत होती.

"भाऊजी, तुम्ही? आमच्या बाईसाहेब कुठे आहेत? सगळ्यांनी अभिनंदन केलं, हिचाच पत्ता नाही!"

"झोपलीये," मी म्हणालो.

"झोपू दे, झोपू दे. उठली की सांगा हं."

"सांगतो."

मी फोन पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली. तिची एक तरी बातमी आधी माझ्याकडे आली होती.

संध्याकाळी तिला न्यायला गाडी आली. बॅचला मी अजून कळवलेलं नाही.