दोन चौकटींचा खड्डा

हिरागासान आमच्या कंपनीच्या प्रत्येक व्हिडिओगेममधला पहिला खड्डा स्वतः चौकटींच्या कागदावर काढायचे, फक्त दोन चौकटी रुंद. त्यांच्या म्हाताऱ्या आईला तो ओलांडता आला, तरच पुढचं काम. आजींची बोटं थरथरायची. त्या पलीकडे पोचल्या की आमच्या क्योतोच्या ऑफिसात टाळ्या पडायच्या. जगभरची मासिकं त्या खड्ड्यात प्रतिभा शोधायची. काल आजी गेल्याचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. आज आल्याआल्या हिरागासाननी खोडरबर घेतला आणि खड्डा चार चौकटींचा केला. “शिओरी, आता कुणासाठी सोपं करायचं?” मी तो तसाच पडद्यावर उतरवला. त्यांनी कंट्रोलर घेतला. पहिल्याच उडीत पडले. पुन्हा पडले. “बटण अडकतंय गं,” ते म्हणाले. बटण नवंकोरं होतं. त्यांचा अंगठा थरथरत होता. “हो ना, फारच अडकतंय,” मी म्हणाले आणि खोडरबर उचलून पुन्हा दोन चौकटींचा खड्डा काढला.