मृण्मयीची पावडर

डॉक्टर सौदामिनींनी प्लॅस्टिकचा डबा हातात घेऊन फिरवला आणि झाकणावर चिकटवलेली पट्टी वाचली. पट्टीवर निळ्या पेनानं ‘मृण्मयी’ असं लिहिलं होतं. समोर बसलेल्या मुलीचं नाव वर्षाराणी होतं.

"हा कुणाचा?"

"रूममेटचा," वर्षाराणी म्हणाली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

शेजारच्या खुर्चीत तिची आई शिवगंगा पिशवी मांडीवर धरून बसली होती. सकाळच्या एसटीनं ती औशाकडून आली होती. पोरीची पाळी दिवाळीपासून आली नाही, हे तिला परवा फोनवर कळलं, तेही बोलण्याच्या ओघात. रात्रभर मनात येऊ नये ते येऊन गेलं. टेबलावरच्या रिपोर्टांनी ती शंका पुसून टाकली होती, तरी तिच्या जिवाला थारा नव्हता. लातुरात शिकणारं लेकरू आजारी पडलं की लोक आधी टेस्टचं वेळापत्रक बघतात आणि मग डॉक्टरची वेळ घेतात. ही भेटही तशीच एका क्लासच्या आधी कशीबशी बसवलेली होती.

ही पावडर खाऊन पोरीचं काही बिघडलं तर नाही ना, असं शिवगंगेनं विचारलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. यात इनोसिटॉल आहे. साखरेच्याच जातीतलं, फळांत आणि कडधान्यांत असतंच. पीसीओडी असलेल्या मुलींना पाळी नियमित व्हावी म्हणून देतात, पुष्कळींना गुण येतो. सहसा त्रास होत नाही. फार घेतलं तर मळमळतं, पोट बिघडतं. पण दुसरं काही औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि दुसऱ्याच्या डब्यातलं तर मुळीच घेऊ नये. हिची सोनोग्राफी साफ आहे. हिला पीसीओडी नाहीच.

"तू घेतेस ते काय आहे, ठाऊक आहे का तुला?" त्यांनी वर्षाराणीला विचारलं.

"हो. काही हार्मोन पेशीच्या आत जात नाहीत. बाहेरच थांबतात. त्यांचा निरोप आत पोचवायला दुसरं कुणीतरी लागतं. ते इनोसिटॉलपासून बनतं." एवढं बोलून ती थांबली. पर्याय क्रमांक सांगायचा राहिलाय असं तिच्याकडे बघून वाटलं असतं.

डॉक्टरांना हसू आलं. उत्तर बरोबर होतं. रूममेटला विचारून घेतेस ना, असं त्यांनी सहज विचारलं.

"ती नाहीये. तिनं जीव दिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर," वर्षाराणी म्हणाली. हेही तिनं मघाच्याच आवाजात सांगितलं. "तिच्या घरच्यांनी सामान नेलं. हा खिडकीत राहिला."

शिवगंगेच्या हातातून पिशवीचा बंद सुटला. हॉस्टेलवर एक पोरगी गेली, एवढं तिला माहीत होतं. वरच्या मजल्यावरची होती असं पोरीनं सांगितलं होतं. क्लास एक दिवस बंद राहिला आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट झाली, हेही तिनंच सांगितलं होतं. तेव्हा शिवगंगेनं पेपर कसा गेला ते विचारलं होतं. आता तिला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर काही बोलणार तोच शिवगंगा म्हणाली, "आमची बी बंद झाल्ती, मॅडम. भूकंप झाल्यावर. पत्र्याच्या शेडात राहत हुतो, तितल्या लई बायांची बंद झाल्ती."

वर्षाराणीनं पहिल्यांदाच घड्याळावरून नजर काढली. तिच्या जन्माआधीचा, ढिगाऱ्याखाली गेलेला भाऊ तिला नावानं माहीत होता. त्याहून जास्त घरात कधी निघालं नव्हतं.

"सोमेशला काढला तवा मी रडले न्हाई," शिवगंगा म्हणाली. "नंतर बी न्हाई. धुणं धुवायची, भाकरी थापायची. सरकारी डॉक्टरीण गोळ्या देऊन जायची, त्या बी घेतल्या."

"मग?" वर्षाराणीनं विचारलं.

"जो येई तो इचारायचा, घरातले किती गेले. आकडा सांगायचा, त्यो लिहून घ्यायचा. एक दिस शेजारची कमलम्मा जवळ येऊन बसली. म्हणली, तुझा सोमेश कसा हुता गं? तवा रडले."

शिवगंगेनं टेबलावरचा डबा उचलला आणि पट्टीवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"मृण्मयी कशी हुती?"

"नांदेडची. फिजिक्स पक्कं होतं तिचं. शेवटच्या टेस्टला बॅचमध्ये पहिली..."

"मार्क नगं सांगू, बाळा. ती कशी हुती?"

अख्खा अभ्यास तोंडपाठ असलेल्या पोरीला हे उत्तर कुठून काढावं ते कळेना.

"घोरायची," ती शेवटी म्हणाली. "लई घोरायची. मी उशी फेकून मारायची तिला. झोपेतच सॉरी म्हणायची अन् परत घोरायची." मग ती आईकडे वळली. "आता खोलीत आवाजच नसतो, आई. मला झोपच येत न्हाई."

पुढच्या पेशंटला आत सोडू का, असं विचारायला बाहेरची बाई डोकावली. डॉक्टर सौदामिनी स्वतः उठल्या, तिला थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. क्लासची वेळ होऊन गेली होती. वर्षाराणीनं आईच्या हातातून डबा घेतला आणि पोटाशी धरला.

"अजून सांग," शिवगंगा म्हणाली.