वगळलेलं खातं

“कोण आत शिरलं, कुठल्या कॉम्प्युटरवरून शिरलं आणि कशाला हात लावला, सगळं कळलं पाहिजे,” साहेब म्हणाले. “आणि कोणाची भीडभाड ठेवायची नाही.”

दादाने मान हलवली. त्याचा धाकटा भाऊही याच पंपांच्या कारखान्यात कामाला होता, त्याचं ऐकून सगळेच याला दादा म्हणत. प्रत्येकाचं खातं, पासवर्ड आणि परवानग्या ज्या सर्व्हरवर होत्या, तो सर्व्हर त्याच्या ताब्यात होता. नव्या पंपाची ड्रॉइंग बाहेर फुटत होती, म्हणून आता तिथे ऑडिट, म्हणजे प्रत्येकाच्या हालचालींची आपोआप नोंद, लावायचं होतं.

त्याचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. धाकटा ड्रॉइंग विभागात होता आणि हल्ली त्याचं काहीतरी बिनसलं होतं. जेवताना हूं नाही की चूं नाही. पासवर्डसुद्धा त्याने दोनदा बदलून घेतला. कारण विचारलं तर म्हणे, “असंच.”

“भाऊजी कशाला तरी घाबरलेत,” बायको म्हणाली होती. “तुम्ही एकदा विचारा तरी.”

विचारायचा दादाला धीर झाला नाही. काल जेवताना धाकट्यानेच विषय काढला.

“दादा, ऑडिट लावलं की माणूस नक्की सापडतो?”

“सापडतो.”

“कुठल्या मशीनवरून आला तेही?”

“तेही. तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा?”

“काही नाही,” म्हणत धाकटा अर्ध्या ताटावरून उठला.

ड्रॉइंग हाच फोडतोय, अशी दादाची खात्री पटली. वडील गेल्यावर त्यानेच याला शिकवलं, साहेबांचे उंबरठे झिजवून इथे चिकटवलं. आता त्यानेच याला पोलिसांच्या हवाली करायचं?

सर्व्हरच्या खोलीत एसी घरघरत होता. दादाने पडद्यावर एकेक खूण केली. आत येणारे, चुकीचा पासवर्ड टाकणारे, ड्रॉइंगचं फोल्डर उघडणारे, सगळ्यांची नोंद होणार होती. शेवटी त्याने धाकट्याचं खातं निवडलं आणि ते ऑडिटमधून वगळलं. आयुष्यात त्याने कामात कधी लबाडी केली नव्हती. त्याला स्वतःचीच शरम वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. संध्याकाळी धाकट्याला बाजूला घ्यायचं, चांगलं फैलावर घ्यायचं आणि प्रकरण तिथेच मिटवायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

दुपारीच साहेबांचं बोलावणं आलं. केबिनमध्ये एक पोलीस अधिकारी बसले होते. कडेला धाकटा उभा होता. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

“ड्रॉइंगला पुन्हा हात लागलाय,” साहेब म्हणाले. “आणि फाइलवर नाव याचं आहे. तुझी नोंद काय सांगते?”

दादाला दरदरून घाम फुटला. पण आवाज त्याने पडू दिला नाही.

“मी सगळं तपासलंय, साहेब. याच्या खात्याची एकही नोंद नाही.”

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“नाही कशी, दादा? माझ्या नावाने कुठल्या मशीनवरून कोण शिरतंय ते सापडावं, म्हणून तर ऑडिट लावा असं मीच साहेबांना सांगितलं होतं!”