मॉर्विदच्या धुराड्यातून

"आंटी, जपून. पायरी तेलकट आहे," म्हणत नियानं वरून हात दिला.

एलुनेडनं एका हातानं डबा छातीशी धरला आणि ती इंजिनावर चढली. लग्न करून या खोऱ्यात आली तेव्हापासून ती मॉर्विदचं नाव ऐकत होती. तिच्यावर पाऊल मात्र आज पहिल्यांदाच पडत होतं.

मॉर्विद म्हणजे डोंगरावरच्या छोट्या गाडीचं हिरवं इंजिन. पाटीच्या दगडाची खाण बंद पडल्यावर ते झुडपांत गंजत पडलं होतं. एलुनेडचा नवरा टेग्विन, गेथिन आणि गावातल्या आणखी काही हौशी लोकांनी ते ओढून काढलं, सुटं केलं, घासलं, पुन्हा जोडलं. सगळं फुकट, सगळं रविवारी. टेग्विन आठवडाभर शाळेत गणित शिकवायचा. रविवारी चॅपेलची घंटा वाजायची तेव्हा हा निळा डगला चढवून इंजिनाखाली उताणा पडलेला असायचा. एलुनेड प्रार्थनेला एकटी बसायची.

"काय गं, सवत काय म्हणते?" बायका विचारायच्या.

"म्हणते काय! माझ्या लोण्याच्या दुप्पट तिला वंगण लागतं," एलुनेड म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या. घरी आली की ती त्याच्या कॉलरी सोड्यात भिजत घालायची. काळं कधी पुरतं निघालंच नाही.

थंडी सरता सरता टेग्विन परसात कांदे लावताना खाली बसला तो उठलाच नाही. बोलायलाही सवड मिळाली नाही.

अंत्यविधीच्या दिवशी गेथिन टोपी चुरगाळत दारात उभा राहिला. पूर्वीचा पोस्टमन, आता मॉर्विदचा चालक, आणि टेग्विनचा लहानपणापासूनचा दोस्त.

"एलुनेड, ईस्टरला मॉर्विद बाहेर काढतोय. हंगामातल्या पहिल्या फेरीला... टेग्विनची जागा राखून ठेवलीय."

जास्त सांगायची गरज नव्हती. गाडीच्या लोकांची ती रीतच होती. ज्यानं आयुष्य गाडीला दिलं, त्याची राख फावड्यावर घेऊन भट्टीत टाकायची. मग तो धुराड्यातून वर जायचा आणि साऱ्या खोऱ्यावर पसरायचा. सिग्नल सांभाळणारा म्हातारा आयव्हर असाच गेला होता.

म्हणजे टेग्विन गेथिनशी बोलला होता तर. आपल्याशी नाही.

"त्याच्या मनासारखं होऊ दे," ती एवढंच म्हणाली.

गेथिनचे डोळे भरून आले. त्यानं मान हलवली आणि तो गेला.

चॅपेलमागच्या दफनभूमीत, उतारावर एलुनेडनं दोघांपुरती जागा घेऊन ठेवली होती. भिंतीच्या आडोशाला, वारा न लागणारी. आता तिथं तिला एकटीलाच पडायचं होतं. गेले कित्येक दिवस ती राखेचा डबा समोर ठेवून चहा प्यायची आणि त्याच्याशी भांडायची. थोडी राख काढून ठेवावी, असं तिच्या मनात आलंही. पण अर्धा नवरा कसा ठेवायचा? शेवटी सकाळी तिनं डबा पिशवीत घातला.

नियानं भट्टीचं दार उघडलं. धग तोंडावर आली. निया आठवड्याचे पाच दिवस दवाखान्यात लोकांचे दात काढायची आणि सुटीला इथं कोळसा टाकायची. तिनं फावड्यावर कोळसा पसरून फावडं पुढं केलं. "आंटी, तुम्ही टाकता?"

"गेथिनलाच टाकू दे."

"मी?" गेथिनचा आवाज कापला. "एवढा मान मला देतेस?"

एलुनेडनं झाकण काढलं आणि डबा फावड्यावर रिकामा केला.

"थोडी ठेवायची का?" निया हळूच म्हणाली.

"नको. सगळी." तिनं डब्याच्या बुडावर दोनदा थाप मारली.

फलाटावरच्या लोकांनी टोप्या काढल्या. गेथिननं फावडं आत रिकामं केलं, दार लावलं आणि शिटीची दोरी ओढली, ती कितीतरी वेळ सोडली नाही.

मॉर्विद चढाला लागली. धुराड्यातून पांढरा लोट निघाला, मेंढ्यांच्या कुरणांवरून गेला, चॅपेलच्या छपरावरून गेला, आणि विरला. एलुनेड तो दिसेनासा होईपर्यंत मान वाकडी करून बघत राहिली.

माथ्यावर इंजिन पाणी प्यायला थांबलं. एलुनेडनं फडक्यातून 'बारा ब्रिथ' नावाचा चहात मुरलेल्या मनुकांचा केक काढला आणि लोणी लावून तिघांना कापून दिला.

"वळणावर आज चाकं घसरली नाहीत," गेथिन नाक पुसत हसला. "एरवी टेग्विन तिथं अशा शिव्या द्यायचा! आणि हा म्हणे शाळामास्तर."

एलुनेडही हसली. मग हातातला तुकडा तिनं तसाच खाली ठेवला.

"गेथिन, एक विचारू?"

"विचार की."

"तो तुला कधी म्हणाला हे? कुठल्या शब्दांत म्हणाला? तेवढं तरी सांग मला. माझ्याशी तो कधी बोललाच नाही."

गेथिनचा कप ओठांपाशीच थांबला.

"मला? अगं, मला कुठं काय म्हणाला तो? आपल्यातला प्रत्येक जण असाच जातो, म्हणून मी जागा राखली. आणि तू म्हणालीस ना, त्याच्या मनासारखं होऊ दे. मला वाटलं, तुम्हा दोघांचं ठरलेलं आहे."

नियानं चावणं थांबवलं. टाकीतून पाणी पडत राहिलं.

"म्हणजे तो काहीच बोलला नव्हता?"

गेथिननं टोपी काढली.

"एकदाच. थट्टेवारी नेलं मी ते. आयव्हरला आगीत टाकलं त्या दिवशी. हात पुसता पुसता म्हणाला, 'आयव्हरचं ठीक आहे रे, त्याला कोण होतं? माझे सगळे रविवार या मॉर्विदनं खाल्ले. मेल्यावर तरी मी एलुनेडपाशी राहणार.'"