उशाशी मेणबत्ती

बाबांचा श्वास घशातच अडकत होता. थोरल्या लेकीने उशाशी टेबल ओढलं, त्यावर पांढरं कापड अंथरलं, क्रूस ठेवला, मेणबत्ती लावली.

"फादर आले का गं?"

"निघालेत, बाबा."

"सगळं कबूल करायचंय मला. तुझ्या आईला जन्मभर मारलं, मारून मारून तिचा कान घालवला. देव माफ करेल ना? वर ती वाट बघत असेल माझी."

"करेल की. मनापासून मागितलं, तर तो कुणालाच नाही म्हणत नाही."

तिने त्यांची उशी सारखी केली आणि स्वयंपाकघरात येऊन दार लोटून घेतलं.

"ताई, फादर अजून कसे नाही आले? फोन केलास ना?" धाकट्या भावाने विचारलं.

"नाही केला."

"अगं, शेवटची घटका आहे त्यांची! देवावर विश्वास आहे की नाही तुझा?" त्याने स्वतःचा मोबाइल काढला.

"आहे, म्हणूनच नाही केला. हे फादरांपुढे माफी मागतील, तो देऊन टाकेल, आणि यांना पुन्हा आईच्याच घरी नेऊन सोडेल."

आतून हाक आली, "आले का रे फादर?"

धाकट्याने मोबाइल खिशात ठेवला.

"निघालेत, बाबा."