कंबरेचं पिस्तूल

"हे खिशात गेलं की दिसणार कुणाला?" बंदुकीच्या दुकानात रणधीरशेठनी लहान पिस्तूल बाजूला सारलं. मोठं कंबरेला खोचून ते आरशासमोर पोट आत घेऊन उभे राहिले. जमिनीच्या भांडणात जिवे मारायच्या दोन धमक्या आल्या होत्या, आणि हा माणूस लग्नाचा फेटा निवडावा तसं पिस्तूल निवडत होता!

मी त्यांचा अंगरक्षक, फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार. म्हटलं, "शेठ, लहानच घ्या. कुणाला दिसत नाही तेच वेळेला कामी येतं. आणि गोळ्या नव्या घ्या."

"गोळ्या आहेत की जुन्या पिस्तुलाच्या!" त्यांनी डबी उघडली. दर खंडेनवमीला पंचामृतानं न्हाऊन, तेल-कुंकू लावून घेतलेल्या गोळ्या. चांगल्या लालभडक झाल्या होत्या.

दुकानदारानं त्यातल्या पाच मागच्या वाळूच्या पिंपात झाडून बघितल्या. चार वेळा नुसतं टक् झालं.

"तेल आत मुरलंय," दुकानदार म्हणाला. " पूजा पिस्तुलाची करा, गोळ्यांची कशाला?"

शेठ हसले. "असू दे. फोटोत गोळ्या थोड्याच दिसतात? आणि कुणी आलाच, तर पुढच्या सीटवर सुभेदार आहे ना!"

माझ्याकडं साधी काठीसुद्धा नव्हती.

त्याच गोळ्या भरलेलं मोठं पिस्तूल मिरवत शेठ बाहेर आले आणि सवयीनं गाडीच्या मागच्या दाराकडं वळले. मी पुढचं दार उघडून धरलं.

"इकडं बसा शेठ. हत्यार तुमच्याकडं आहे. मागं मी बसतो."