बेटावरचा रामराम

अकोटची सुंदराबाई लेकासंगं जहाजात बसून मॉरिशस बेटावर गेली, अन् परत आल्यापासून गल्लीले दुसरं काही ऐकूच देईना. "माय वो, काय तो बगीचा! बाजेएवढी कमळाची पानं, गोऱ्ह्याएवढी कासवं! अन् पोपट तं माह्या हातची मिरची खाऊन बोलाले लागले!"

शेजारच्या जानरावले हे काही पचेना. "काकू, तुमी अकोल्याच्या पुढं गेल्या नसान. मी सोता जाऊन पाह्यतो. खोटं निंगालं तं गल्लीत पुन्हा एक गोष्ट सांगाची नाई!"

"जाय ना बाप्पा," ती म्हणाली, "पोपटायले माहा रामराम सांगजो."

जानराव हट्टाचा पक्का. पुढच्या साली खरंच गेला. पानं बाजेएवढीच निंगाली, कासवंही गोऱ्ह्याएवढीच. त्याचं तोंड उतरलं. आता सारी मदार पोपटांवर होती. झाडाखाली उभा राहून तो दात काढत म्हणाला, "घ्या रे, सुंदराबाईचा रामराम!"

 

अख्खं झाड एका सुरात ओरडलं, "आला का जानराव! पटलं ना आता? मिरची आन!"